विश्लेषण : होडीचे इंजिन ‘आयडल’वर जास्त पेट्रोल का पिते? स्क्रू फिरवण्याआधी काय तपासावे?

खाडीच्या मुखाशी वेग कमी केला की इंजिन घुटमळू लागते. मागून धूर येतो, पाण्यावर तेलकट तवंग पसरतो आणि गिअर टाकताच इंजिन बंद पडते. पुन्हा दोरी ओढायची, पुन्हा तेच. एकदा वेग घेतला की हेच इंजिन ठणठणीत चालते. मालवण, देवबाग, वेंगुर्ल्यापासून हर्णेपर्यंत आउटबोर्ड इंजिन वापरणाऱ्या छोट्या होड्यांवर हा अनुभव नवा नाही. त्यावरचा उपायही ठरलेला आहे. मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवतो, नवा प्लग बसवतो आणि होडी पाण्यात जाते. आठ-दहा दिवसांनी तक्रार परत येते.

याचे कारण सोपे आहे. आयडलवर जास्त पेट्रोल जाण्याचा दोष बहुतेक वेळा त्या स्क्रूमध्ये नसतोच. तरीही सगळ्यात आधी हात जातो तो तिथेच. ही सवय महाग पडते, आणि लाटांच्या तोंडावर ती धोकादायकही ठरते.

‘रिच’ होणे म्हणजे नेमके काय?

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा यापेक्षा कमी मिळाली की मिश्रण ‘रिच’ होते आणि जास्त मिळाली की ‘लीन’. गार इंजिन सुरू करताना थोडे रिच मिश्रण लागतेच, कारण थंड सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ नीट होत नाही. चोक असतो तो यासाठीच. इंजिन तापल्यावरही जास्तीचे पेट्रोल येत राहिले, तर मात्र तो दोष असतो.

लक्षणे ओळखीची आहेत. प्लगचे टोक कोरड्या काजळीने काळे पडते, धूर काळसर येतो, पेट्रोलचा उग्र वास सुटतो, इंजिन ‘मिसिंग’ करते आणि थोडा वेळ आयडलवर ठेवून अचानक रेस दिली की आधी गुदमरते व मग उचलते.

त्रास आयडललाच का होतो?

सगळा उलगडा या एका प्रश्नात आहे. समजा, ४० अश्वशक्तीचे एक टू-स्ट्रोक इंजिन आयडलवर तासाला एक लिटर आणि पूर्ण वेगात १५ लिटर पेट्रोल घेते. कुठून तरी तासाला पाव लिटर पेट्रोल आगाऊ झिरपत आहे. पूर्ण वेगात ही वाढ दोन टक्केही नाही, त्यामुळे इंजिनाला ती कळतही नाही. आयडलवर मात्र तीच वाढ २५ टक्के होते. गळती तेवढीच राहते, पण तिचे प्रमाण बदलते. म्हणूनच ‘वेगात तर मस्त चालते’ हे इंजिन निरोगी असल्याचे प्रमाणपत्र ठरत नाही.

दुसरे कारण हवेच्या मार्गात आहे. आयडलवर थ्रॉटलची झडप जवळपास बंद असते. तिच्यामागे जोरदार ओढ तयार होते आणि पेट्रोल एका बारीक छिद्रातून खेचले जाते. मुख्य जेटचा त्या वेळी काहीच संबंध नसतो. आयडलची तक्रार घेऊन आलेल्या इंजिनाचा मुख्य जेट बदलणे म्हणजे स्वयंपाकघरातला नळ गळतो म्हणून गच्चीवरची टाकी बदलण्यासारखे आहे.

खरेच रिच आहे का, हे आधी कसे ठरवावे?

धूर दिसला की मिश्रण रिच, असा निष्कर्ष घाईचा असतो. निळसर धूर आणि ओला, तेलकट प्लग हे टू-स्ट्रोकमध्ये जास्त ऑइलचे लक्षण असू शकते. अनेक इंजिनांना ५० ला १, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर ऑइल लागते. अंदाजाने डबकीभर जास्त ओतले, की प्लग खराब होतो. गंमत अशी, की ऑइल वाढवले की त्या मिश्रणातले पेट्रोल कमी होते, म्हणजे हवेच्या हिशेबात मिश्रण उलट लीनकडे सरकते. मोटारसायकलचे टू-टी ऑइल आणि पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डसाठीचे ‘टीसी-डब्ल्यू ३’ प्रतीचे ऑइल हेही एकच नव्हे.

स्पार्क कमजोर असेल, तरी न जळलेले पेट्रोल बाहेर पडते आणि चित्र हुबेहूब रिचसारखे दिसते. कॉम्प्रेशन कमी असेल तरी तसेच. म्हणून कार्बोरेटर उघडण्याआधी स्पार्क आणि कॉम्प्रेशन तपासणे हा नियम हवा.

त्यानंतर तीन साध्या चाचण्या करता येतात. इंजिन तापलेले आणि आयडलवर असावे. पहिली चाचणी चोकची. चोक थोडा ओढल्यावर इंजिन सुधारले तर ते लीन आहे आणि आणखी बिघडले तर रिच. दुसरी चाचणी पेट्रोलच्या नळीवरच्या रबरी बल्बची. बल्ब हलकेच दाबल्यावर इंजिन सुधारले, तर पेट्रोल कमी पोहोचत आहे आणि पंप किंवा नळीत दोष आहे. दाबल्यावर ते गुदमरले, तर पेट्रोल आधीच जास्त होत आहे. तिसरी चाचणी नळी काढण्याची. पेट्रोलची नळी इंजिनापासून सोडवल्यावर कार्बोरेटरच्या वाटीतली पातळी हळूहळू उतरते. बंद पडण्याआधी इंजिनाने ठळकपणे वेग घेतला आणि ते सुरळीत झाले, तर मिश्रण रिच असल्याची शक्यता मोठी.

प्लग काढल्यावर सगळ्यात उपयोगी प्रश्न हा की, एकच प्लग काळा आहे की सगळे? एकच काळा असेल तर दोष त्याच सिलिंडरचा आहे. त्याची स्पार्क, त्याचा कार्बोरेटर किंवा त्याला जोडलेला पंप पाहावा. सगळेच काळे असतील तर कारण सामाईक असते, जसे चोक, थर्मोस्टॅट, हवेचा मार्ग किंवा पेट्रोलचा दाब. हा एक प्रश्न निम्मे काम वाचवतो.

पेट्रोल नेमके कुठून झिरपते?

पहिला संशयित चोक. मीठ आणि गंजामुळे त्याची झडप अर्धवट अडकते. केबल आत ढकलली तरी झडप पूर्ण उघडलेली नसते. हे डोळ्यांनी पाहण्याचे काम आहे, बाहेरच्या मुठीवर विसंबण्याचे नव्हे. काही फोर-स्ट्रोक इंजिनांत स्वयंचलित चोक असतो. इंजिन सुरू झाल्यावर त्यातला मेणाचा घटक विजेने तापतो, प्रसरण पावतो आणि जास्तीचे पेट्रोल बंद करतो. त्याच्या वायरला वीज पोहोचली नाही, की तो उघडाच राहतो. असे इंजिन सकाळी गार असताना छान चालते आणि तापल्यावर बिघडते. ही खूण लक्षात ठेवावी.

दुसरा संशयित फ्लोटची सुई. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल भरले की फ्लोट वर येतो आणि सुई मार्ग बंद करते, घरातल्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखे. सुईचे टोक झिजले, तिच्याखाली वाळूचा किंवा गंजाचा कण अडकला किंवा फ्लोटमध्येच पेट्रोल शिरून तो जड झाला, की मार्ग पूर्ण बंद होत नाही. वेगात सुई तशीही उघडीच असते, म्हणून दोष लपतो. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून, सरळ उभ्या स्थितीत, हवेच्या बाजूचे झाकण काढावे आणि बल्ब कडक होईपर्यंत दाबावा. कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल ठिबकले किंवा बल्ब पुन्हा मऊ पडला, तर गळती आहे. हे करताना आसपास विडी-सिगारेट, स्टोव्ह काहीही पेटते नको आणि वारा खेळता हवा.

तिसरा संशयित सगळ्यात जास्त निसटतो, तो म्हणजे पेट्रोल पंपाचा डायफ्राम. बहुतेक छोट्या टू-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये हा पंप क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर चालतो. रबरी पडद्याला बारीक भोक पडले, की पेट्रोल त्याच मार्गाने थेट क्रँककेसमध्ये जाते. कार्बोरेटरचा त्यात संबंधच येत नाही. मग स्क्रू कितीही फिरवा, प्लग काळाच राहणार. फोर-स्ट्रोकमध्ये फाटलेल्या डायफ्राममधून पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि तिला पेट्रोलचा वास आला, तर इंजिन तिथेच थांबवावे. पातळ झालेले ऑइल बेअरिंग वाचवू शकत नाही.

चौथा संशयित हवा. आयडलसाठीच्या हवेच्या बारीक वाटा मिठाने किंवा जुन्या पेट्रोलच्या चिकट थराने बुजल्या, तर पेट्रोल तेवढेच राहते आणि हवा कमी होते. इथे तारेने भोके कोरण्याचा मोह टाळावा. भोक थोडे जरी मोठे झाले, तरी तो कार्बोरेटर पुन्हा कधीच जागेवर येत नाही. कार्बोरेटर क्लीनर आणि दाबाची हवा पुरेशी असते.

थर्मोस्टॅट काढून टाकल्याने फायदा होतो का?

इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकायचा, हा गॅरेजमधला जुना तोडगा. रस्त्यावरच्या गाड्यांकडून तो होड्यांपर्यंतही पोहोचला आहे. आउटबोर्डचा थर्मोस्टॅट साधारण ५० ते ६५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडतो. तोपर्यंत तो पाणी अडवून इंजिनाला तापू देतो. तो काढला किंवा कचऱ्यामुळे उघडा अडकला, तर समुद्राचे पाणी सतत खेळते आणि आयडलवर इंजिन कधीच पुरेसे तापत नाही. गार भिंतींवर पेट्रोल थेंबांच्या रूपात साचते आणि प्लग काळा पडतो. खरे तर इंजिन तापण्याचे कारण अनेकदा झिजलेला वॉटर पंपाचा इम्पेलर असतो. तो बदलायचा सोडून थर्मोस्टॅट काढला, की एका दोषाचे दोन होतात.

फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात हा त्रास संपतो का?

कमी होतो, संपत नाही. तिथे संगणक सेन्सरच्या सांगण्यावरून पेट्रोल ठरवतो. तापमानाचा सेन्सर बिघडून ‘इंजिन गार आहे’ असेच सांगत राहिला, तर संगणक प्रामाणिकपणे जास्त पेट्रोल देत राहतो. हवेच्या दाबाच्या सेन्सरची नळी फाटली, तर त्याला वाटते की इंजिनावर मोठा भार आहे. ठिबकणारा इंजेक्टर किंवा प्रेशर रेग्युलेटरचा फाटका पडदा हेही नेहमीचे. इथे स्क्रू ड्रायव्हर कामाचा नाही. त्या मॉडेलचे निदान यंत्र आणि ते वाचता येणारा माणूस लागतो. किनाऱ्यावर या दोन्हींची टंचाई हीच खरी अडचण आहे.

ई-२० पेट्रोलचा दोष किती?

२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२५ पर्यंत देशभर पोहोचले आणि तेव्हापासून प्रत्येक बिघाडाचे खापर त्यावर फुटते. रिच मिश्रणाच्या बाबतीत मात्र हिशेब उलटा आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे ई-२० ला हवा कमी पुरते, साधारण १३.५ ला १. जुन्या जेटवर तेच इंजिन थोडे लीन चालते, रिच नव्हे.

तरीही इथेनॉल निर्दोष सुटत नाही. जुन्या रबराच्या नळ्या, पंपाचे पडदे आणि सुईची रबरी टोके त्यात फुगतात किंवा कडक होतात, आणि मग वर सांगितलेली गळती सुरू होते. इथेनॉल पाणी ओढून घेते. दमट हवेत अर्धवट भरलेल्या टाकीत पावसाळाभर ठेवलेल्या पेट्रोलमध्ये पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसू शकतात. त्यामुळे बंदीच्या काळात कार्बोरेटरची वाटी रिकामी ठेवणे आणि इथेनॉल चालणाऱ्या नळ्या वापरणे, एवढी शिस्त पाळायलाच हवी.

मग स्क्रूला हात कधी लावायचा?

सगळ्यात शेवटी. बहुतेक कार्बोरेटरमध्ये स्क्रू हलकेच आत बसवून मग इंजिनाच्या पुस्तकात दिलेले फेरे, अनेकदा एक ते दोनच्या दरम्यान, बाहेर काढायचे असतात. आत जोराने आवळल्यास सुईच्या टोकावर वळ उमटतो आणि पुढे बारीक फरक करता येत नाही. काही कार्बोरेटरमध्ये स्क्रू पेट्रोलचा असतो, काहींत हवेचा. दोन्हींची दिशा उलट असते, म्हणून पुस्तक पाहणे गरजेचे.

शेवटची जुळवणी होडी पाण्यात, धक्क्याला घट्ट बांधून, इंजिन तापवून आणि फॉरवर्ड गिअरमध्ये करावी. ड्रममध्ये न्यूट्रलवर जुळवलेले इंजिन पाण्यात गिअर टाकताच बंद पडते, कारण तिथे पंख्याचा भार असतो आणि धूर बाहेर पडायला पाण्याचा विरोध असतो. पंख्याजवळ माणूस नको आणि किल-स्विचची दोरी मनगटाला हवी. पाण्याशिवाय इंजिन काही सेकंदही चालवू नये. इम्पेलर जळतो.

मोठ्या ट्रॉलरच्या डिझेल इंजिनाला हे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत. तिथे हवा थ्रॉटलने अडवली जात नाही. आयडलवर काळा धूर आला तर इंजेक्टरचा नोझल आणि एअर फिल्टर, तर पांढरा धूर टिकून राहिला तर कॉम्प्रेशन आणि टायमिंग आधी पाहिले जाते.

यात पणाला काय लागते?

पहिला मुद्दा पैशाचा. वरच्याच उदाहरणात तासाला पाव लिटर, दिवसाला तीन तास आयडल आणि वर्षाला २०० दिवस धरले, तर १५० लिटर पेट्रोल होते. लिटरला शंभर रुपये धरले तरी १५ हजार रुपये. शिवाय प्लगचा खर्च आणि बुडालेल्या फेऱ्या वेगळ्या.

दुसरा मुद्दा पाण्याचा. जुन्या कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये रचनेमुळेच सुमारे एक चतुर्थांश इंधन न जळता बाहेर पडते. याच कारणामुळे अमेरिकेने १९९६ मध्ये होड्यांच्या पेट्रोल इंजिनांसाठी प्रदूषणाचे नियम आणले. अशा इंजिनात मिश्रणही रिच असेल, तर तो तवंग ज्या खाडीत मासळीची पिल्ले वाढतात, तिथेच पसरतो.

तिसरा मुद्दा जिवाचा. मिश्रण रिच होते तसा धुरातला कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो. त्याला रंग नाही, वास नाही. डॉल्फिन दाखवायला होडी संथ फिरते, मागून वारा येतो, बाजूंना ताडपत्री असते आणि मागच्या बाकावर लहान मुले बसलेली असतात. त्यांना डोकेदुखी किंवा मळमळ झाली, की ‘बोट लागली’ म्हणून ती विसरली जाते. आणि देवबागसारख्या संगमावर, जिथे नदीचा प्रवाह आणि समुद्राच्या लाटा समोरासमोर येतात, तिथे वेग कमी करताच बंद पडणारे इंजिन होडी आडवी करू शकते. प्लग काळा पडणे ही तिथे किरकोळ तक्रार राहत नाही.

उपाय कोणाच्या हातात?

मेकॅनिकला दोष देणे सोपे आहे, पण अपुरे. तो बहुधा मोटारसायकल दुरुस्त करत शिकलेला असतो, सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत आणि मालकाला होडी संध्याकाळपर्यंत हवी असते. अशा घाईत स्क्रू आणि प्लग हेच दोन उपाय हाताशी उरतात.

मासेमारीच्या इंधनाची चर्चा आपल्याकडे डिझेलवरच्या कराच्या परताव्याभोवती फिरते. परतावा हवाच. पण झिजलेल्या सुईतून रोज वाहून जाणारे इंधन वाचवणे हीसुद्धा मदतच आहे आणि ती अनुदानापेक्षा स्वस्त पडते. कोचीतील ‘सिफनेट’ ही केंद्रीय संस्था अनेक वर्षे मरीन फिटर घडवते. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाची किनाऱ्यावर प्रशिक्षण केंद्रे आहेत, कोकणात आयटीआय आहेत. त्यांनी मिळून आउटबोर्ड दुरुस्तीचा छोटा, स्थानिक अभ्यासक्रम चालवणे अवघड नाही.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर असतात. नारळी पौर्णिमेआधी सहकारी संस्थांनी गावागावांत तपासणीचे शिबिर घ्यावे. कॉम्प्रेशन गेज, स्पार्क टेस्टर, डायफ्राम व सुयांचे संच आणि एक जाणता फिटर एवढी त्याची गरज. पर्यटक नेणाऱ्या होड्यांच्या परवान्याच्या तपासणीत लाइफ जॅकेट मोजली जातात. त्याच वेळी इंजिन तापवून गिअरमध्ये पाच मिनिटे आयडलवर चालवून पाहिले, तरी बरेच काही उघड होईल.

तोपर्यंत होडीमालकाने एवढे तरी करावे. मेकॅनिकने स्क्रू ड्रायव्हर काढला, की त्याला आधी विचारावे, ‘एकच प्लग काळा आहे की सगळे?’ उत्तर देण्यासाठी त्याला प्लग काढून पाहावेच लागतील आणि तपासणी योग्य टोकापासून सुरू होईल.